शाळेतला ‘झीरो टॉलरन्स’ आणि तारतम्य: प्रिन्सिपलचे हात नक्की कोणी बांधले?

प्रश्न असा आहे. अमेरिकेत सहावीत शिकणारा मुलगा शनिवार-रविवार स्काउटच्या कॅम्पला गेला होता. तिथे वापरलेला घडीचा छोटा चाकू दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात राहून गेला. सोमवारी वर्गात पेन्सिल शोधताना तो हाताला लागला, तसा मुलगा उठला आणि त्याने चाकू शिक्षिकेकडे नेऊन दिला. दुपारपर्यंत दहा दिवसांचं सस्पेन्शन आणि एक्स्पल्शनच्या (शाळेतून काढून टाकण्याच्या) सुनावणीची नोटीस हातात. प्रिन्सिपल आईवडिलांना म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे, मला कळतंय. पण आमचं धोरण झीरो टॉलरन्सचं आहे. माझे हात बांधलेले आहेत.” झीरो टॉलरन्स म्हणजे नियम मोडला की हेतू किंवा परिस्थिती न पाहता ठरलेली शिक्षा. पालक विचारतात, कायदा खरंच असा आहे का? आणि शाळेने नियमावर बोट ठेवायचं की थोडं तारतम्य बाळगायचं?

मी अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये आधी स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणून आणि नंतर स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) शिस्तभंगाच्या सुनावण्या घेणारा अधिकारी म्हणून बरीच वर्षं काम केलं. सुनावणीला धास्तावून आलेले आईवडील आणि निर्णय घ्यायला धास्तावलेले प्रिन्सिपल, दोघांशीही तासन् तास बोललो आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

केंद्र सरकारच्या कायद्याने या प्रिन्सिपलचे हात बांधलेले नाहीत. ‘गन-फ्री स्कूल्स ॲक्ट’ १९९४ मध्ये आला. त्यात म्हटलं आहे की केंद्राचा शिक्षणनिधी हवा असेल तर राज्याने असा कायदा करावा, ज्यामुळे शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर राहावं लागेल. एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, म्हणजे सुपरिंटेंडेंटला, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून ही मुदत बदलण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यात असला पाहिजे. म्हणजे भरलेली बंदूक आणणाऱ्या मुलाच्या बाबतीतसुद्धा संसदेने विचार करायला जागा ठेवली आहे. दुसरी गोष्ट, हा कायदा बंदुका आणि स्फोटकांपुरता आहे. घडीचा चाकू त्यात येत नाही, खेळण्यातलं पिस्तूल येत नाही, डोकेदुखीची गोळीही येत नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा जो केंद्रीय कायदा आहे, त्यातल्या ‘शस्त्रा’च्या व्याख्येतून तर अडीच इंचापेक्षा लहान पात्याचा खिशातला चाकू स्पष्टपणे वगळलेला आहे.

मग हात बांधले कोणी? काही राज्यांनी चाकूंचा समावेश आपल्या कायद्यात केला, तेव्हा तुमच्या राज्याचा कायदा बघावा लागेल. पण माझ्यासमोर आलेल्या अशा प्रकरणांत हात बहुतेक वेळा डिस्ट्रिक्टनेच, स्वतःच्या कोड ऑफ कंडक्टमध्ये (विद्यार्थ्यांसाठीच्या आचारनियमांत), बांधून घेतलेले असत. आणि त्या कोडमध्येही ‘परिस्थिती पाहून शिक्षा कमी करता येईल’ अशा अर्थाचं वाक्य पुष्कळदा असे. ते वाक्य वापरायचं धैर्य कोणी करत नसे.

हे सगळं १९९९ मध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबारात झालेल्या हत्याकांडानंतर सुरू झालं असा समज आहे. तो बरोबर नाही. हा शब्दप्रयोग शाळांत आला तो ऐंशीच्या दशकातल्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतून. १९८८ मध्ये अमेरिकेचं कस्टम्स खातं जहाजावर अमली पदार्थाचा अंशमात्र सापडला तरी अख्खं जहाज जप्त करत होतं. ते धोरण फार टिकलं नाही, पण शब्द शाळांनी उचलला. १९९६-९७ च्या शैक्षणिक वर्षातल्या राष्ट्रीय पाहणीत ९४ टक्के सरकारी शाळांनी बंदुकांबाबत झीरो टॉलरन्स असल्याचं सांगितलं. ते समजू शकतो. पण दारूबाबत ८७ टक्के आणि तंबाखूबाबतही ७९ टक्के शाळांनी तेच सांगितलं. कोलंबाइनला अजून दोन वर्षं होती. त्या भीषण घटनेने जे आधीच पसरलं होतं त्याला हात लावणं अशक्य करून टाकलं.

प्रिन्सिपल मंडळींना हे धोरण का आवडलं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका मुलाला तीन दिवस आणि दुसऱ्याला दहा दिवस सस्पेंड केलं की पहिला प्रश्न येतो, “माझ्याच मुलाला का?” त्यामागे वकील येतो. स्कूल बोर्डाच्या सभेत भेदभावाचा आरोप होतो. शिक्षा छापलेली असली की यातलं काही होत नाही. प्रिन्सिपलला रात्री झोप लागते. शिवाय शिक्षकांना खरोखरच हिंसक मुलांशी रोज सामना करावा लागत होता आणि ऑफिसात पाठवलेला मुलगा दहा मिनिटांत हसत वर्गात परतत होता. त्यांचा राग खोटा नव्हता. ज्यांनी कधी वर्ग सांभाळला नाही ते या रागाला सहज मोडीत काढतात, ते मला पटत नाही.

तरीही हे धोरण चुकीचं आहे असं मी ठामपणे म्हणतो. त्यासाठी व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीतलं एक प्रकरण सांगतो. ते न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे आणि मी नव्या असिस्टंट प्रिन्सिपलांना प्रशिक्षण देताना नेहमी त्यावरच सर्वात जास्त वेळ घालवत असे.

ऑक्टोबर १९९९. आठवीतल्या एका मुलीने तेरा वर्षांच्या वर्गमित्राला सांगितलं की आदल्या रात्री तिच्या मनात जीव द्यायचा विचार आला होता आणि चुकून बाइंडरमध्ये (कागदांच्या फाइलमध्ये) राहिलेला चाकू ती शाळेत घेऊन आली आहे. याआधीही तिने स्वतःला इजा करून घेतल्याचं त्याला माहीत होतं. त्याने तो बाइंडर तिच्याकडून घेतला आणि आपल्या लॉकरमध्ये ठेवला. शाळेत कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दोघांच्याही पालकांना सांगायचं त्याने ठरवलं होतं. बातमी ऑफिसपर्यंत पोचली. डीनने (शाळेतल्या शिस्तीच्या अधिकाऱ्याने) त्याला बोलावलं, तेव्हा त्याने लगेच कबूल केलं. डीनने त्याला एकट्याला लॉकरपर्यंत जाऊन बाइंडर घेऊन यायला सांगितलं. तो घेऊन आला.

इथे थांबून विचार करा. ज्या मुलाच्या लॉकरमध्ये चाकू आहे त्याला तो चाकू आणायला एकटं पाठवलं. त्याच्यापासून कोणालाही धोका नाही याची शाळेला पूर्ण खात्री होती, हे यातून उघड होतं. डीनने तसं म्हटलंही: त्याने मुलीचं भलं बघूनच हे केलं आणि तो कोणाला इजा करेल असं कधीच वाटलं नाही. तरीसुद्धा त्याला जवळजवळ चार महिने शाळेबाहेर ठेवलं गेलं, कारण नियमात ‘चाकू बाळगणे’ एवढंच लिहिलेलं होतं.

त्याची चूक झाली का? झाली. त्याने त्या क्षणी मोठ्या माणसाला सांगायला हवं होतं, कारण पुढच्या वेळी मैत्रिणीच्या हातात दुसरं काही असू शकतं. ही गोष्ट त्याला समजावून सांगणं हे शाळेचं काम होतं, आणि त्याला अर्धा तास पुरला असता. चार महिन्यांच्या शिक्षेतून तो आणि त्याचे वर्गमित्र काय शिकले? मित्राचं कोणतंही संकट हातात घेऊ नका, आणि घेतलंच तर कोणाला कळू देऊ नका. पालक न्यायालयात गेले. २००१ मध्ये अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेने नोटीस दिली होती, सुनावणी घेतली होती, तेवढं घटनेला पुरेसं आहे, असं न्यायालय म्हणालं. सहमतीचा वेगळा निकाल लिहिणाऱ्या एका न्यायाधीशांनी मात्र या शिक्षेच्या कठोरपणावर टीका केली.

त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने टेनेसीतल्या नॉक्स काउंटीच्या प्रकरणात वेगळी रेघ ओढली होती. तिथे मित्राने गाडीत ठेवलेल्या चाकूवरून हायस्कूलच्या विद्यार्थ्याला काढून टाकलं होतं. चाकू गाडीत आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, ज्याला आपल्याकडे शस्त्र आहे हेच माहीत नाही, त्याने ते वापरायचा प्रश्नच येत नाही. अशा मुलाला शस्त्र बाळगल्याबद्दल काढून टाकणं शाळेच्या कोणत्याही रास्त हेतूशी तर्काने जोडता येत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण चाकू हाताला लागेपर्यंत त्यालाही माहीत नव्हतं. मात्र हा निकाल सगळ्या राज्यांना बंधनकारक नाही.

कोर्ट तारतम्य शिकवेल अशी फार आशा ठेवू नका. ॲरिझोनातल्या तेरा वर्षांच्या मुलीची आयबुप्रोफेनच्या गोळ्यांच्या संशयावरून कपडे उतरवून झडती घेतली गेली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये न्यायालयाने ती झडती घटनाबाह्य ठरवली. एक साधी वेदनाशामक गोळी, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालय! तेव्हा नियम शाळेतच सुधारले पाहिजेत. आणि ते ठिगळं लावून सुधारत नाहीत. डेलावेअरमध्ये एका मुलीच्या वाढदिवसाच्या केकबरोबर घरून चाकू आला म्हणून तिला काढलं. त्यावर ओरड झाल्यावर विधिमंडळाने कायदा बदलून एक्स्पल्शनमध्ये लवचीकता आणली. ती सस्पेन्शनला लागू नव्हती. २००९ मध्ये तिथेच पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने जेवायला कॅम्पिंगचा काटा-चमचा-चाकू एकत्र असलेला संच आणला, तर त्याला ४५ दिवस सुधारशाळेत पाठवायचा निर्णय झाला. पुन्हा ओरड, मग स्कूल बोर्डाने बालवाडी आणि पहिलीपुरता नियम सैल केला. दुसरीतल्या मुलाचं काय?

यावर सर्वात मोठा आक्षेप येतो तो सुरक्षेचा. “एखादा निरपराध मुलगा भरडला गेला तरी चालेल, पण शाळा सुरक्षित राहिली पाहिजे.” मुलांच्या जिवाची काळजी असणारा माणूसच हे बोलतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने नेमलेल्या अभ्यासगटाने २००६ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं. या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. माझ्या मते त्याहून गंभीर माहिती सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याच्या २००२ च्या अहवालात आहे. त्यांनी शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यातल्या ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय चाललंय हे आधी किमान एका व्यक्तीला माहीत होतं. आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड असे.

म्हणजे शाळेचं खरं संरक्षण मुलांच्या तोंडून येणाऱ्या माहितीत आहे. आता सांगा, स्वतःहून चाकू आणून देणाऱ्या सहावीतल्या मुलाला हाकललेलं पाहिल्यावर त्या वर्गातलं कोणतं मूल पुढच्या वेळी शिक्षिकेकडे जाईल? तुमच्या प्रिन्सिपलशी बोलताना हा मुद्दा दयेच्या मुद्द्याच्या आधी मांडा.

पण फक्त ‘कॉमन सेन्स वापरा’ एवढं सांगूनही भागत नाही. कॉमन सेन्स नेमका कोणाचा? इंडियानातले संशोधक रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की गोऱ्या मुलांना ऑफिसात पाठवलं जाई ते धूम्रपान, तोडफोड, शिवीगाळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी. कृष्णवर्णीय मुलांना ‘उद्धटपणा’, ‘फार आवाज’, ‘धमकीवजा वागणं’ अशा, बघणाऱ्याच्या नजरेवर ठरणाऱ्या गोष्टींसाठी. टेक्सासमध्ये सातवीतल्या जवळजवळ दहा लाख मुलांच्या नोंदींचा माग घेऊन २०११ मध्ये अहवाल आला. सातवी ते बारावीच्या काळात सुमारे ६० टक्के मुलं एकदा तरी सस्पेंड झाली किंवा काढली गेली होती. त्यातल्या फक्त ३ टक्के कारवाया राज्याच्या कायद्याने सक्तीच्या होत्या. उरलेल्या सगळ्या शाळेच्या मर्जीतल्या. आणि बाकी सगळं सारखं असताना, या मर्जीतल्या कारवाईची शक्यता कृष्णवर्णीय मुलांबाबत ३१ टक्क्यांनी जास्त होती. आपल्या भारतीय पालकांपैकी अनेकजण मोकळ्या तारतम्याची मागणी करतात, तेव्हा त्याचा फायदा ‘अभ्यासू, शांत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुलांना मिळेल असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. बहुधा मिळेलही. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मिळणार नसेल तर ती मागणी मला मान्य नाही.

आणि तारतम्याच्या नावाखाली घात कसा होतो, तेही सांगायलाच हवं. ३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र आणि मदतीची याचना करणारे शब्द शिक्षिकेला दिसले. त्याला काउन्सेलरकडे नेलं, आईवडिलांना बोलावलं. ते त्याला घरी न्यायला तयार झाले नाहीत. शाळेने त्याला वर्गात परत पाठवलं. दप्तर कोणी उघडून पाहिलं नाही. बंदूक दप्तरातच होती. त्या दिवशी चार विद्यार्थी मारले गेले. तिथे शिक्षा कमी पडली असं नव्हे, कारण चित्र काढण्याला काय शिक्षा करणार? चौकशी अर्धी राहिली.

इतक्या वर्षांत माझं मत याच एका गोष्टीवर पक्कं झालं आहे. नियम कडक हवा, पण तो चौकशीचा. शिक्षा आधी छापू नका. शिक्षा देण्यापूर्वी कोणत्या प्रश्नांची उत्तरं मिळवलीच पाहिजेत, कोणी मिळवायची, ती कुठे लिहायची, हे छापा. त्यातून कोणाला सूट नको. लाडक्या मुलालाही नको, नावडत्यालाही नको.

हे नुसतं बोलायला सोपं, असं वाटेल. पण काही ठिकाणी होतं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले ड्यूई कॉर्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास धमक्या पडताळण्याची पद्धत बसवली. प्रशासक, काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट आणि पोलिस अधिकारी एकत्र बसतात. रागाच्या भरात तोंडून गेलेलं बोलणं आणि खरोखर अमलात येऊ शकणारी धमकी यांत फरक करतात. ती व्यक्ती कोण, साधन हाताशी आहे का, कोणाला काही सांगितलंय का, हे विचारतात. धमकी खरी ठरली तर संभाव्य बळीला आणि त्याच्या पालकांना सावध करतात. चाळीस शाळांमधल्या तुलनात्मक प्रयोगात, ही पद्धत वापरणाऱ्या शाळांत मुलांना समुपदेशन जास्त मिळालं आणि दीर्घ सस्पेन्शन कमी झालं. २०१३ पासून व्हर्जिनियात सरकारी शाळांना अशी पथकं कायद्याने सक्तीची आहेत.

मिशिगनने २०१७ पासून ठरवलं की सस्पेंड करण्याआधी किंवा काढण्याआधी सात गोष्टी विचारात घ्यायच्या: वय, पूर्वीची वागणूक, दिव्यांगत्व, कृत्याचं गांभीर्य, कोणाच्या सुरक्षिततेला धोका झाला का, झालेलं नुकसान भरून काढायचा मार्ग वापरता येईल का, आणि कमी कडक उपाय पुरेल का. बंदुकीसाठी वेगळा नियम राहिला, ते योग्यच. इलिनॉयने २०१६ पासून, कायद्याने जिथे सक्ती आहे ते वगळता, झीरो टॉलरन्सचे नियम शाळांना करूच दिले नाहीत. नियम कागदावर असून भागत नाही हे ऑक्सफर्डने दाखवलंच. तो रोज राबवायला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि अनेक शाळांत काउन्सेलर आधीच पुरेसे नाहीत.

नुकसानभरपाई आणि संवादाच्या ‘रिस्टोरेटिव्ह’ पद्धतीबद्दल फार गोड बोललं जातं. पिट्सबर्गच्या शाळांमधला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सस्पेन्शन कमी झालं आणि शिक्षकांच्या मते वातावरण सुधारलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे अभ्यासातले निकाल खालावले. बाकीच्या मुलांचा तास वाया जात असेल तर त्यांच्या आईवडिलांना उत्तर द्यावं लागतं. वर्गातून मुलाला काही वेळ बाहेर काढणं कधीकधी आवश्यक असतं, ते मी कधी नाकारलं नाही.

आता तुमच्या सुनावणीविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ निकालामुळे दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही मुलाला आरोप काय हे सांगावं लागतं आणि त्याने नाकारल्यास पुरावा सांगून त्याची बाजू ऐकावी लागते. त्याहून मोठ्या शिक्षेला अधिक रीतसर प्रक्रिया लागते. म्हणून आजच लेखी मागा: कोड ऑफ कंडक्टचं कोणतं कलम लावलं, त्या कलमात सूट द्यायचा अधिकार कोणाला आहे, आणि शिक्षिकेने घटनेबद्दल काय लिहून दिलंय. शिक्षिकेचं निवेदन सर्वात महत्त्वाचं. ‘विद्यार्थ्याने स्वतः आणून दिला’ हे शब्द त्यात नसतील तर ते घालून घ्यायची विनंती करा. स्काउटच्या प्रमुखांचं पत्र घ्या. पात्याची लांबी मोजून नोंदवायला सांगा.

पोलिसांना कळवलं असेल तर मुलाने कोणालाही आणखी काही लिहून देण्याआधी वकिलाशी बोला. शाळेची कारवाई आणि पोलिसांची कारवाई वेगवेगळी चालते, पण शाळेत लिहून दिलेला कागद तिकडे जाऊ शकतो. मुलाचा आयईपी (दिव्यांग विद्यार्थ्यासाठीचा लेखी शिक्षण-आराखडा) असेल किंवा अपंगत्वाची तपासणी सुरू असेल, तर हे वागणं त्या अपंगत्वाशी निगडित होतं का, हे ठरवणारी बैठक शाळेला दहा शालेय दिवसांत घ्यावी लागते. ती मागा. सस्पेन्शनच्या काळातला गृहपाठही मागा, न मागता मिळेलच असं नाही.

सुनावणीत आवाज चढवू नका. अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारा: या मुलाला काढल्याने शाळा कशी अधिक सुरक्षित होईल? तो काही उत्तर देईल, ते लिहून घ्या. मग पर्याय तुम्हीच ठेवा: आतापर्यंत झालेले दिवस पुरेसे मानावेत, दप्तर रोज घरी तपासू असं आम्ही लिहून देतो, आणि नोंदीत ‘शस्त्र बाळगणे’ऐवजी ‘अनवधानाने आणलेली वस्तू, स्वतःहून सुपूर्द’ असं लिहावं. नोंदीतल्या या शब्दांसाठी सर्वात जास्त झगडा, कारण शाळा बदलली तरी ती फाइल मुलाबरोबर पुढे जाते. निकाल विरोधात गेला तर अपिलाची मुदत फार थोडी असू शकते. ती तारीख सुनावणीच्या दिवशीच विचारून ठेवा.